अपेक्षा : अनुरूप

गेल्या महिन्यात ओळखीच्या एका गृहस्थांनी मुलीचा बायोडाटा शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे दिला. दोन पानं. वर ‘॥ श्री गणेश प्रसन्न ॥’, खाली जन्मतारीख, जन्मवेळ, रास, नक्षत्र, गण, नाडी, रक्तगट, उंची, वर्ण गव्हाळ. मग कुळ, देवक, कुलदैवत. मग वडील, काका, आत्या, मामा आणि मामाचं गाव. त्यानंतर ‘इतर नातेसंबंध’ या मथळ्याखाली सहा ओळी भरून आडनावं, प्रत्येकापुढे गाव. मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे, हाडं मोडलेल्या माणसांना पुन्हा पायावर उभं करते; ते ‘नोकरी’पुढे एका शब्दात आटोपलं होतं. छंद : वाचन, संगीत. आणि शेवटी, बहुतेक प्रत्येक मराठी बायोडाटात असते ती ओळ. अपेक्षा : अनुरूप.

दोन पानांत चूक एकच निघाली, ती याच शब्दात. ‘रु’ ऱ्हस्व पडला होता. तो मी दीर्घ केला आणि त्या शब्दापाशीच अडकून बसले. अनुरूप म्हणजे कोणाला अनुरूप? मुलीला, की त्या सहा ओळींना?

माणसं आपल्यासारखा जोडीदार शोधतात की आपल्याहून वेगळा, हा विषय चारचौघांत नेहमी निघतो. एक तापट असेल तर दुसरं शांत हवं, एकाचा हात सैल तर दुसऱ्याचा आखडता, तरच संसार तोलला जातो, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. अमेरिकेत 1950 च्या दशकात रॉबर्ट विंच या समाजशास्त्रज्ञाने असाच सिद्धान्त मांडला होता : एकाची उणीव दुसरा भरून काढतो म्हणून माणसं जवळ येतात. त्याचा आधार अवघी 25 जोडपी होती, आणि पुढच्या अभ्यासांत तो फारसा टिकला नाही. त्याच्याही आधी, 1903 मध्ये, कार्ल पिअरसन आणि अ‍ॅलिस ली यांनी इंग्लंडमधल्या नवरा-बायकोंच्या उंचीची आकडेमोड केली, तेव्हाच उंच नवऱ्याची बायकोही उंच असण्याकडे कल दिसला होता. अलीकडे, 2023 मध्ये, अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी शतकभरातले जवळजवळ 200 अभ्यास एकत्र केले, शिवाय ब्रिटनमधल्या सुमारे 80 हजार जोडप्यांची माहिती तपासली. जोडीदार बहुतेक बाबतींत एकमेकांसारखे निघाले. सगळ्यांत जास्त साम्य राजकीय आणि धार्मिक मतांत व शिक्षणात, बरंचसं दारू-सिगारेटच्या सवयींत. बोलका की अबोल, धीट की भित्रा, या स्वभावाच्या बाबतींत मात्र साम्य नावापुरतं. तापट माणसाला शांत माणूस ओढून घेतो याला पुरावा नाही, आणि तापटाला तापट आवडतो यालाही नाही. स्वभाव कसेही पडतात. विचार आणि सवयी जुळतात.

अर्थात तिथेही सगळी निवडच असते असं नाही. कॉलेजात, कामावर, मित्रांच्या घरी जी माणसं भेटतात ती मुळातच बरीचशी एका साच्यातली असतात. जे समोर येतं त्यातूनच माणूस निवडणार.

आपल्याकडे ‘समोर येणं’ हेच सगळं काही आहे. 2011-12 च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात देशभरातली 40 हजारांहून जास्त कुटुंबं होती. त्यात आंतरजातीय विवाहांचं प्रमाण निघालं सुमारे 5 टक्के. प्यू संशोधन केंद्राने 2019-20 मध्ये सुमारे 30 हजार भारतीयांना विचारलं, तेव्हा 64 टक्के लोक म्हणाले की आपल्या समाजातल्या बायकांना जातीबाहेर लग्न करण्यापासून रोखणं फार महत्त्वाचं आहे; पुरुषांना रोखण्याबद्दल तेच म्हणणारे 62 टक्के. शंभरातल्या पंच्याण्णव माणसांना आपल्याच जातीतलं माणूस आवडावं, इतका योगायोग जगात नसतो. ती निवड मुला-मुलींच्या आधी, त्यांच्या डोक्यावरून झालेली असते.

गंमत नव्हे, पण नीट पाहण्यासारखी गोष्ट अशी की आपल्या रूढीला नुसता सारखेपणा कधीच नको होता. जात एक हवी, पण गोत्र वेगळं हवं. समाज एक हवा, पण देवक एक असलं तर सोयरीक होत नाही. पत्रिकेतल्या 36 गुणांपैकी एकट्या नाडीचे 8. ते मिळतात दोघांची नाडी वेगळी असेल तर, एकनाड निघाली की स्थळ परत. म्हणजे सारखं काय असावं आणि वेगळं काय असावं याचा हिशेब कुणीतरी फार बारकाईने बांधून ठेवला आहे. सगोत्र विवाहाची अडचण कायद्याने 1946 मध्ये दूर केली, जातीची 1949 मध्ये. बायोडाटातले रकाने जागचे हलले नाहीत.

माझा आक्षेप या हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला आहे, जिच्याबद्दल आपण बोलत नाही. घराणी तोलामोलाची हवीत, असा आग्रह धरणारे आपण त्या घराण्यांतली दोन माणसं मात्र तोलामोलाची चालवून घेत नाही. नवरा चार बोटं उंच हवा, चार वर्षं मोठा हवा, चार पैसे जास्त मिळवणारा हवा. मुलगी शिकलेली हवी, पण मुलापेक्षा जास्त शिकलेली नको. पीएच.डी. झालेल्या मुलींच्या आयांना विचारा, पदवी सांगितल्यावर किती फोन पुन्हा येतात. विवाहासाठी मुलगा 21 चा आणि मुलगी 18 ची, हा तीन वर्षांचा उतार कायद्यातही आहे. विधी आयोगाने 2018 मध्ये दोघांचं वय सारखं असावं असं सुचवलं. मुलीचं वय 21 करणारं विधेयक डिसेंबर 2021 मध्ये लोकसभेत मांडलं गेलं आणि लोकसभेच्या मुदतीबरोबर बारगळलं. कोणतं वय योग्य यावर मतभेद असू शकतात. पण दोघांचं वय वेगळं का, याचं एकही चांगलं उत्तर मी आजवर ऐकलेलं नाही.

घरं सारखी, माणसं खालीवर. याला आपण अनुरूप म्हणतो. आणि ज्या गोष्टींवर रोजचा संसार चालतो, त्या विचार, सवयी, पैशाबद्दलचं वागणं, यांना त्या दोन पानांत रकानाच नसतो.

बायोडाटा परत द्यायला गेले तेव्हा मुलगी घरीच होती. तिला म्हटलं, अपेक्षेपुढे तुला लिहायला सांगितलं तर काय लिहिशील? आधी हसली. मग स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून बोटांवर मोजत म्हणाली, “मावशी, एक म्हणजे मी उपास करत नाही, त्यावरून घरात बोलणी नकोत. त्याला स्वतःपुरतं तरी जेवण करता यावं. जेवताना आवाज चढवणारा नको. आणि माझ्या पगारातले पाच हजार मी दर महिन्याला आई-बाबांना देते, ते लग्नानंतरही देणार.” तिचे वडील तिथेच पेपर घेऊन बसले होते. ते म्हणाले, “अहो, असं कुठं लिहितात का कुणी?”

खरंच कुणी लिहीत नाही. पण त्या चार वाक्यांत एका माणसाचं अख्खं चित्र होतं, आणि दोन पानांत ते कुठेच नव्हतं.

वडिलांची बाजूही मला कळते. ती अडाणी माणसाची बाजू नाही. ते म्हणतात, जात एक असली की खाणंपिणं, सणवार, बोलणं सारखं. पोरीला जड जात नाही. या भीतीत तथ्य आहे, कारण आपल्याकडे लग्नानंतर घर बदलतं ते फक्त मुलीचं. आमटीत गूळ घालायचा की नाही, सकाळी आधी अंघोळ की आधी चहा, सासऱ्यांसमोर खुर्चीवर बसायचं की नाही, हे सगळं तिलाच नव्याने शिकायचं असतं. “जुळवून घे गं” हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे, प्रत्येक वेळी मुलीला उद्देशून. मुलाला पाठवणीच्या वेळी जवळ घेऊन कुणी असं सांगितल्याचं मला आठवत नाही. सारखं घर शोधण्यामागे आई-बापांची धडपड असते ती मुलीवरचं हे ओझं थोडं हलकं व्हावं म्हणून. मग मूळ दुखणं जात वेगळी असण्याचं नाही. ते आहे सगळं जुळवणं एकटीच्या माथी असण्याचं. ते दोघांत वाटून घेतलं, तर गुळाची आमटी आणि बिनगुळाची आमटी एका घरात सुखाने शिजू शकतात. आंतरजातीय लग्न करून तीस-तीस वर्षं नीट संसार केलेली घरं माझ्या माहितीत आहेत. त्यांच्यात जुळलेली गोष्ट विचारली तर कुणी वाचन सांगतं, कुणी चळवळ, कुणी म्हणतं आम्हा दोघांनाही खोटं बोललेलं खपत नाही.

आता एक शब्द, जो वाचताना मला अजूनही लाज वाटते. ‘जातीची अट नाही’ असं म्हणणाऱ्या जाहिरातींत पुढे कंसात लिहिलेलं असतं : एससी, एसटी क्षमस्व. वर्षानुवर्षं हे छापलं जातं, आणि आता मोबाइलवरच्या विवाह-संकेतस्थळांतही ते वेगवेगळ्या रूपांत चालू आहे. लिहिणारा स्वतःला मोकळ्या मनाचा समजतो, ‘क्षमस्व’ म्हणून सभ्यही ठरतो. अस्पृश्यता संविधानाने नष्ट केली त्याला सात दशकं उलटून गेली. ती त्या कंसात जिवंत आहे. अशी ओळ छापायला नकार देण्याइतकं धैर्य प्रत्येक वृत्तपत्राने आणि वधू-वर सूचक मंडळाने दाखवायला हवं. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायचं कारण नाही.

शिक्षण वाढलं, पैसा आला की हे आपोआप जाईल, असं समजणाऱ्यांनी अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, मैत्रीश घटक आणि जीन लाफोर्ट्यून यांचा 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहावा. त्यांनी कोलकात्याच्या बंगाली दैनिकातल्या विवाहविषयक जाहिराती आणि त्यांना आलेले प्रतिसाद तपासले. जातीबाहेर जावं लागू नये म्हणून मुलीकडची माणसं केवढी किंमत मोजायला तयार होती? एम.ए. झालेला मुलगा आणि अजिबात न शिकलेला मुलगा यांच्यात जेवढं अंतर, तेवढी. पण प्रत्यक्षात ती मोजावी लागत नाही. प्रत्येक मोठ्या जातीत शिकलेली, मिळवती, देखणी मुलं-मुली असतात, त्यामुळे जातीतच शोधून कुणाचं फारसं नुकसान होत नाही. म्हणूनच हा आग्रह सुबत्तेतही तग धरून आहे. तो बाजाराच्या रेट्याने जाणार नाही, माणसांनी सोडला तरच जाईल.

पंचविशीतल्या भीमराव आंबेडकरांनी 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात निबंध वाचला, त्यात जातीचं मर्म नेमकं इथेच दाखवलं होतं : आपापसांतच लग्नं करण्याच्या नियमावर जात उभी आहे. त्याच्या कितीतरी आधी, 1873 मध्ये, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने भटजीविना लग्नं लावायला सुरुवात केली. जोतीरावांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू स्वतः बोलते, स्त्रियांच्या हक्कांचं मागणं वराला घालते, आणि वर तिला वचन देतो. दीडशे वर्षांपूर्वी बोहल्यावर बोलणारी मुलगी आजच्या बायोडाटात ‘छंद : वाचन, संगीत’ एवढीच उरते, याचं मला मनापासून दुःख होतं.

सरकारचं वागणंही दोन तोंडांचं आहे. महाराष्ट्र शासन आंतरजातीय जोडप्यांना 50,000 रुपयांचं अर्थसाहाय्य देतं. आणि डिसेंबर 2022 मध्ये त्याच शासनाने आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाहांची माहिती घेणारी समिती काढली. ओरड झाल्यावर आंतरजातीय विवाह वगळले, आंतरधर्मीय तसेच ठेवले. विशेष विवाह कायदा 1954 चा. त्यात लग्नाच्या आधी 30 दिवस नोटीस द्यावी लागते आणि ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावली जाते. ज्या दोघांच्या जिवावर घरचेच उठू शकतात त्यांची नावं आणि पत्ते महिनाभर भिंतीवर. जातीत, विधी करून लग्न करणाऱ्यांना असा महिना काढावा लागत नाही. ही नोटीस लावणं ताबडतोब बंद झालं पाहिजे.

त्या मुलीचा बायोडाटा परवा पुन्हा माझ्याकडे आला, या वेळी पीडीएफ. नातेसंबंधांच्या सहा ओळी जशाच्या तशा आहेत. ‘नोकरी’पुढे ती काय काम करते हे आता दोन ओळींत आहे. अपेक्षेपुढचा ‘अनुरूप’ गेला आहे. उपासाची ओळ आली आहे, जेवण करता येण्याचीही आली आहे. आवाज चढवण्याची ओळ वडिलांनी ‘शांत स्वभाव’ अशी बदलली. पाच हजारांची मात्र त्यांनी काढायला लावली. म्हणाले, लोक म्हणतील मुलीच्या पैशावर डोळा आहे. मी मुलीला फोन केला. ती म्हणाली, “असू दे मावशी. ती मी पहिल्या भेटीत, पोहे खायच्या आधीच सांगणार आहे.”