रंग बंद झाला, मावळे नाहीत!

दिवाळीच्या किल्ल्यावरचे जुने मावळे टाकून बाजारातून नवा संच आणावा, असा ठराव होस्टेलच्या बैठकीत आलाय. कारण काय, तर पगड्यांचा तो तांबडा रंग आता मिळत नाही. कंपनीने तो बंद केला. माझं मत स्पष्ट आहे. हे कारण इंजिनिअरिंगच्या पोरांना शोभत नाही.

घणसोली गावातल्या आपल्या होस्टेलवर एकूण ४२ मावळे आहेत. शाडूचे, बोटभर उंचीचे, प्रत्येक बॅचने चार-पाच वाढवलेले. एकाच्या मिशा वाकड्या, एकाची ढाल अंगापेक्षा मोठी. ती आपल्या सीनियर्सची सही आहे. बाजारातला संच साच्यातून येतो. त्यात आपलं कोणी नाही.

रंग बंद होणं ही काही नवी गोष्ट नाही. छोटे पुतळे रंगवणाऱ्या जगभरच्या हौशी मंडळींनी हा धक्का पचवलाय. ब्रिटनच्या गेम्स वर्कशॉपने २०१२ साली सिटाडेल रंगांची सगळी यादीच बदलली. ‘ब्लीच्ड बोन’ गेला, त्याच्या जागी ‘उशाब्ती बोन’ आला. जवळचा, पण तोच नव्हे. पुढच्याच वर्षी अमेरिकेत रेल्वेची मॉडेल्स रंगवणाऱ्यांचा लाडका फ्लोक्विल बंद झाला. आपल्या कंपासपेटीतली कॅम्लिन १९३१ची, मुंबईची. २०११ मध्ये तीही जपानच्या कोकुयोकडे गेली. मालक बदलतात, याद्या बदलतात. बाटलीवरच्या नावावर विसंबलो की अडकलोच!

नाव म्हणजे रंग नव्हे. खाडीकाठी होडी रंगवणारे गावातले एक काका जुन्या रंगाचा पोपडा खिशात घालून दुकानात जातात. नाव सांगत नाहीत, पोपडा दाखवतात. आपल्या अभ्यासक्रमाच्या भाषेत बोलायचं तर भारतीय मानक आयएस ५ मध्ये प्रत्येक छटेला नंबर आहे : ५३७ म्हणजे सिग्नल रेड, ३५६ म्हणजे गोल्डन यलो. कंपनी कुठलीही असो, नंबर तोच. हौसेच्या रंगांना असा सामाईक नंबर नसतो. मग आपली नोंद आपणच करायची.

जुळवायचा कसा? उन्हाने उडालेला भाग बघून जुळवू नका. पगडीच्या घडीत, ढालीच्या मागे, जिथे ऊन पोचलं नाही, तिथला रंग खरा. लाल, पिवळा, किंचित तपकिरी असे ट्यूबमधले रंग पाण्यात सारखे पातळ करा आणि ड्रॉपरने थेंब मोजून मिसळा. काळ्याने गडद करायचा मोह टाळा, लाल मळकट होतो. ॲक्रिलिक ओला असताना फिकट दिसतो आणि वाळला की गडद होतो, म्हणून कार्डावर पट्टी ओढा, वाळू द्या आणि मगच पुतळ्याशेजारी धरा. आणि हे ट्यूबलाइटखाली नको. वेगळ्या रंगद्रव्यांची दोन मिश्रणं एका उजेडात हुबेहूब आणि दुसऱ्यात परकी दिसू शकतात. याला मेटामेरिझम म्हणतात. आपला किल्ला अंगणात असतो, तर जुळणीही गच्चीवर, दिवसाच्या उजेडात करावी.

कोणी म्हणेल, सबमिशन सोडून थेंब कोण मोजत बसणार? आणि शंभर टक्के जुळणार थोडाच! बरोबर आहे, नाही जुळणार. पण हातभर अंतरावरून फरक कळू नये इतपत नक्की जुळतो, आणि किल्ला त्याहून लांबूनच बघतात.

म्हणून माझी सूचना : होस्टेल ऑफिसात एक रंगवही ठेवावी. प्रत्येक रंगाची वाळलेली पट्टी, शेजारी थेंबांचं प्रमाण, ट्यूबवरची माहिती आणि तारीख. वही कपाटात बंद राहावी, म्हणजे पट्ट्या उडणार नाहीत.

सीनियर्सनी आपल्याला मावळे दिले, कृती दिली नाही. बाटली होती तोवर तिची गरजही नव्हती. पुढच्या बॅचला आपण दोन्ही देऊ. ठराव शनिवारी मतदानाला येतोय. मी विरोधात हात वर करणार आहे. दुसऱ्या हातात नव्याने रंगवलेले तीन मावळे असतील. ते दिवसाच्या उजेडात पाहा आणि मगच मत द्या.