पिशवी आहे का, ताई?

वीकएण्डला घरी जायचं म्हणजे आपल्या बॅगेत काय असतं? लॅपटॉप, चार्जर, पॉवर बँक, सनस्क्रीन आणि कधीपासून अर्धवट वाचलेलं एक पुस्तक. जूनच्या पहिल्या पावसात मीही अश्शीच तयार होऊन पनवेलहून पेणच्या एसटीत बसले. पुढे रोह्याला काकांकडे जायचं होतं. खिडकीची सीट, कानात गाणी, बाहेर भिजलेली शेतं. एकदम फिल्मी! तेवढ्यात आईचा फोन.

"पेणला उतरतेच आहेस तर पोह्याचे पापड घे. आणि पिशवी नेली आहेस ना गं?"

"आई, दुकानात देतात." मी नेहमीच्या कॉन्फिडन्सने सांगून टाकलं.

नाही ना दिली! पापड, मिरगुंडं, पातळ पोहे असा सगळा ऐवज काउंटरवर आला आणि मावशींनी शांतपणे विचारलं, "पिशवी आहे का, ताई?" मी 'नाही' म्हटल्यावर त्यांनी खुंटीला लटकवलेल्या कापडी पिशव्यांकडे बोट दाखवलं. फुकट नाही, विकत. आता गंमत बघा. शहरात दोनशे रुपयांची कॉफी पिताना मी भाव विचारत नाही. इथे मात्र पिशवीचे पैसे ऐकून कपाळावर आठी! घेतली नाही. सहा पाकिटं छातीशी कवटाळून बाहेर पडले आणि रस्ता ओलांडताना त्यातली दोन चिखलात गेली.

मनात एक प्रश्न मात्र वळवळत होता. पापडाचं पाकीटही प्लास्टिकचंच की! मग आतली पिशवी चालते आणि बाहेरची का नाही? कारखान्यातून सीलबंद होऊन येणाऱ्या पॅकिंगला कायद्याने वेगळ्या रांगेत बसवलंय. त्याला जाडीची अट आहे आणि कचरा परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकलीय. ती कितपत पाळली जाते, ते कुठल्याही नाल्याच्या काठावर उभं राहून आपलं आपण ठरवावं. कॅरीबॅगला मात्र माफी नाही.

हे सगळं एका दिवसात झालेलं नाही. २६ जुलै २००५ आठवतोय? सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबई बुडाली आणि गटारं तुंबवल्याचा ठपका पिशव्यांवर आला. २००६ साली राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्या बंद केल्या. मग २३ मार्च २०१८ ची अधिसूचना आली आणि २३ जून २०१८ पासून दंड सुरू झाला. पहिल्यांदा पकडलं तर ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिन्यांची कैद. त्यात कॅरीबॅग जाड की पातळ हा प्रश्नच ठेवला नाही. केंद्राने पुढे १ जुलै २०२२ पासून स्ट्रॉ, चमचे, प्लेटा वगैरे मंडळींनाही घरी बसवलं.

कागदावर झक्कास. पण बाजारात?

पेणच्या बाजारात कोलंबी घेऊन बसलेल्या मावशींना मी हाच प्रश्न विचारला. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अगो बाय, कोलंबी काय पदरात बांधून नेशील? पानी गलतंय तिचं!" नेहमीची गिऱ्हाईकं स्टीलचा डबा घेऊन येतात. जो रिकाम्या हाताने येतो त्याचा प्रॉब्लेम. कागद विरघळतो, कापडाला वास लागतो तो लागतोच. मग काय करता, असं विचारल्यावर त्या नुसत्या हसल्या. टोपलीखालून काळ्या पिशवीचं एक टोक डोकावत होतं. मी ते पाहिलं, त्यांनी मला पाहताना पाहिलं. विषय संपला.

त्यांच्या पलीकडे दोन आदिवासी बायका शेवळं विकत होत्या. शेवळांच्या जुड्या वेलीने बांधलेल्या, सोबत काकडं पानात ठेवलेली. ना पिशवी, ना पॅकिंग, ना मायक्रॉन. २०१८ सालच्या बंदीने यांचं काहीच बदललं नसणार. 'झीरो वेस्ट' म्हणून आपण जे हॅशटॅग लावून मिरवतो, ते इथे फूटपाथवर बसून भाजी विकत होतं.

संध्याकाळी रोह्याला पोचले. काकांचं किराणा दुकान आजोबांच्या वेळचं. आजोबा असताना छताला दोऱ्याचं रीळ टांगलेलं असायचं. कागदाची पुडी, दोन वेढे, झटका देऊन दोरा तोडला की काम फत्ते. काका सांगत होते, "पिशव्या आल्या आणि आमचा हात गेला. २०१८ ला पुडी बांधायला बसलो तर साखर अर्धी माझ्या पायावर!"

त्या जूनमध्ये त्यांनी शिल्लक पिशव्यांचा गठ्ठा नगरपालिकेत नेऊन दिला. आठवड्याभरातच किराणा पॅकिंगला काही अटींवर सूट मिळाल्याची बातमी आली. "कुठली पिशवी चालते आणि कुठली नाही, हे गिऱ्हाईकाला सांगता सांगता माझंच डोकं फिरलं." मग प्रयोग सुरू झाले. कागदी पिशव्या आणल्या, कोकणातल्या पावसाने त्या पहिल्याच आठवड्यात विसर्जित केल्या. मग रंगीत, कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्या आल्या. काकांनी माझ्या हातात त्यातली एक दिली. "वाटतं ना कापड? काडी लावून बघ." वितळली! ते पॉलिप्रॉपिलीन असतं, म्हणजे प्लास्टिकच.

शेवटी उपाय सापडला तो उधारीच्या वहीत. शेजारच्या वहिनींकडून जुन्या साड्या-चादरींच्या पिशव्या शिवून घेतल्या. विसरलेल्या माणसाला पिशवी द्यायची, वहीत नावापुढे 'पि. १' लिहायचं. परत आणली की खाडाखोड, नाही आणली तर महिन्याच्या बिलात पैसे. "सगळ्या येतात परत?" मी विचारलं. "निम्म्या येतात. पण ज्यांच्या येत नाहीत ते पुढच्या वेळी घरची घेऊन येतात. लाज वाटते ना!"

सॉलिड फंडा आहे, मी म्हटलं. यावर कॉलम होणार. आणि तेवढ्यात तो सीन घडला.

दुकानासमोर एक मोठी गाडी थांबली. माझ्याच वयाची चौघं, कोलाडला राफ्टिंगला निघालेली. चिप्स, बिस्किटं, कोल्ड्रिंक, पाण्याच्या बाटल्या असा काउंटर भरून माल काढला. "काका, पिशवी द्या ना." काकांनी वही काढली नाही, कारण ही माणसं परत येणार नव्हती. कापडी विकत मिळेल म्हणाले. "एवढी खरेदी केली आणि पिशवी पण विकत? राहू दे सगळं." गाडी समोरच्या बाजूला पन्नास पावलं पुढे गेली, थांबली आणि थोड्या वेळाने निघाली. खिडकीत मांडीवर फुगलेली पांढरी पिशवी स्पष्ट दिसत होती.

काका एकेक पाकीट उचलून परत फळीवर लावत होते. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "कायदा पाळणाऱ्याचंच गिऱ्हाईक जातं बघ. आणि ती पिशवी उद्या कुंडलिकेतून माझ्याच गावाला येणार."

खरंच आहे. कुंडलिका कोलाडवरून रोह्याला येते आणि पुढे रेवदंड्याच्या खाडीला मिळते. आपण राफ्टमधून सेल्फी काढतो ती नदी वाहत वाहत कुणाच्या तरी दारात जाते.

मला त्या चौघांचा राग यायला हवा होता. पण सकाळी पेणला कपाळावर आठी घालून उभी असलेली मुलगी कोण होती? दुकानदाराला ५ हजारांची धास्ती, पुन्हा गिऱ्हाईक तुटण्याचीही भीती. दोन्ही बाजूंनी तोच कात्रीत. आणि आपल्याकडून काय अपेक्षा आहे? घरातून निघताना एक चिंधी खिशात कोंबायची. बस्स!

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे आहेत की टोट बॅगा. सेमिनारची एक, बुकफेअरची एक, ऑफिसच्या अॅन्युअल डेची एक. माझ्या कपाटात नऊ निघाल्या. पण थांबा. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने २०११ मध्ये हिशेब मांडला होता. हवामानबदलाच्या दृष्टीने सुती पिशवी एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीपेक्षा सरस ठरायला ती १३१ वेळा वापरावी लागते. आठवड्याला एक बाजार धरला तर अडीच वर्षं! गटार तुंबणं, गाईच्या पोटात जाणं हे त्या आकड्यात नाही, तिथे कापडच जिंकतं. पण नऊ पिशव्या जमवून एकही न वापरणं, हा काही पर्यावरणप्रेमाचा पुरावा नव्हे.

निघताना काकांनी तांदूळ आणि कडवे वाल बांधून दिले. आजीच्या जुन्या नऊवारीची पिशवी, नारळी काठाची. मी बॅगेत घालणार तेवढ्यात त्यांनी वही उघडली आणि माझ्या नावापुढे लिहिलं, 'पि. १'.

"काका, मी घरचीच ना?"

"घरच्यांचीच परत येत नाही."

ती पिशवी सध्या माझ्या लॅपटॉपच्या मागच्या कप्प्यात असते. भाजी तीनदा, औषधं एकदा, इस्त्रीचे कपडे दोनदा. सहा झाले, १२५ बाकी. गणपतीत रोह्याला गेले की वहीत खाडाखोड करून घेणार आहे.

तुमच्या बॅगेत काय आहे?