दोघायले एका खोक्यात कोंबा!

यवतमाळात ज्ञानी माणसांची टंचाई कधीच नव्हती; टंचाई असते ती पाण्याची. अशाच एका ज्ञानी गृहस्थांचं मत सध्या आमच्या भागात गाजतंय. शेजारच्या मुलीचे दोन पांढरे ससे एकमेकांवर तुटून पडले, केसांचे पुंजके उडाले, एकाचा कान फाटला. गृहस्थांनी निकाल दिला, "दोघायले एका खोक्यात कोंबा. भांडतीन, थकतीन, अन् गुपचूप बसतीन." कोणी नसबंदीचं नाव काढलं, तर लगेच "निसर्गाच्या आड येऊ नका" हा शेरा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की कळपात एक मोठा ठरावाच लागतो, तो ठरेपर्यंत मारामारी व्हायचीच, आणि माणूस मध्ये पडला की प्रकरण चिघळतं. शिवाय ससा पडला भित्रा, तो कोणाचा जीव घेणार? झाली सशांची राज्यघटना.

सशांमध्ये वरचा-खालचा असतो, हे कबूल. आपले पाळीव ससे ज्या रानटी सशापासून आले, तो मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. जमिनीखाली बिळांचं जाळं खोदून तो टोळीनं राहतो, आणि टोळीत हाणामारीही होते. पण ती संपते कशी, हे गृहस्थांनी विचारलंच नाही. ती संपते हरणाऱ्याच्या पळण्यानं. हरलेला चार उड्यांत झुडपात नाहीतर दुसऱ्या बिळात शिरतो, जिंकणारा थोडा मागे धावतो आणि परततो. भांडण तिथंच मिटलं. आता तीन फुटांचं जाळीचं खोकं घ्या. हरणारा पळतो, जाळीवर आदळतो, वळतो, की पुन्हा तेच दात समोर. जिंकणाऱ्याच्या हिशेबी तो अजून हद्दीतच आहे, म्हणून तो आणखी चावतो. पळायला जागाच नसेल तर हार कबूल करायची कशी? ज्याला गृहस्थ निसर्ग म्हणतात, त्यातला महत्त्वाचा भाग, म्हणजे मोकळी जागा, त्यांनी आधीच कापून टाकलाय.

आणि ते "गुपचूप बसतीन". बसतात खरे! ज्या जनावराला रोज कोणीतरी खायला टपलेलं असतं, ते दुखणं दाखवत नाही. सशाचे पुढचे दात जन्मभर वाढतात आणि धारदार राहतात, मागच्या पायांच्या नख्या कातडी फाडतात, दोन नर भिडले की दात नेमके वृषणांपर्यंत पोचतात. जखम केसांखाली दिसत नाही. काही दिवसांनी तिथं गाठ हाताला लागते. सशाचा पू चक्क्यासारखा घट्ट असतो, आपोआप वाहून जात नाही, डॉक्टरलाच कापून काढावा लागतो. त्यातून भेदरलेला ससा खाणं सोडतो, आणि खाणं थांबलं की आतडी थांबतात. 12 तास तोंडात काही न घेतलेला ससा शांत झालेला नसतो, तो दवाखान्यात न्यायचा असतो. कोपऱ्यात अंग चोरून बसलेल्या दोन सशांना समेट झाला म्हणणाऱ्यांनी त्यांच्या खाण्याच्या वाटीतही एकदा डोकावावं.

हे तत्त्वज्ञान नवं नाही म्हणा. दोन भावांत धुऱ्यावरून वाद झाला की "बसवा दोघांना एका खोलीत, निघेल काय ते" असं सांगणारे प्रत्येक गावात असतात. निघतो तो दिवाणी दावा, आणि पुढं तो नातवंडांना पुरतो. पोरगं तापट निघालं की "लग्न लावून द्या, सुधरते" म्हणणारेही हेच. त्या सुधारणेची किंमत कोणती मुलगी मोजते, हे त्यांना कधी विचारायचं नसतं. दुबळ्याला जबरदस्तासोबत कोंडायचं आणि आतून आवाज यायचा थांबला की यश जाहीर करायचं, ही यांची जुनी रीत. मी यावर पूर्वीही वाद घातलेत आणि दरवेळी "तुम्ही फार ताणता" हे प्रशस्तिपत्र मिळवलंय.

राहता राहिला निसर्ग. यवतमाळच्या निसर्गातला ससा टिपेश्वर अभयारण्याच्या गवतात आहे. तो मातकट रंगाचा, बीळ न खोदणारा, एकटा राहणारा. त्याची पिल्लं उघड्या डोळ्यांनी आणि अंगावर केस घेऊनच जन्मतात. 1972 च्या वन्यजीव कायद्याचं त्याला संरक्षण आहे. त्याला पकडून घरी आणणं गुन्हा. खोक्यातल्या लाल डोळ्यांच्या पांढऱ्याची पिल्लं उघडी आणि आंधळी जन्मतात. हा वेगळाच प्राणी, माणसानं घडवलेला. तो कुलरसमोर झोपतो, विकतच्या गोळ्या खातो, तेव्हा निसर्ग कोणाला आठवत नाही. तो आठवतो ऑपरेशनचा खर्च कळल्यावर.

"उन्हानं डोकं फिरलं असंल त्यायचं," असंही ऐकलं. मे महिन्यात 44-45 अंशांत सशाचं डोकं फिरत नाही, जीव जातो.

मग करायचं काय? आधी वेगळे करा, आणि तेही हात न घालता. सुपडं, जाड टॉवेल, काहीही मध्ये सरकवा. जखमा तपासा. नर-मादी नक्की करून घ्या, कारण बाजारात "दोन्ही माद्याच आहेत" ही हमी लहान पिल्लांच्या बाबतीत हवेतच दिली जाते. मादी साधारण महिनाभरात विते आणि त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. नसबंदी करवून घ्या, पण सशांचा अनुभव असलेल्या डॉक्टरकडूनच. इथं कोणी नसेल तर नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात चौकशी करावी. दीडशे किलोमीटरची खेप जड आहे, नाकारत नाही. ऑपरेशनपूर्वी सशाला उपाशी ठेवू नये. त्याला उलटी होतच नाही. नंतर नराला काही आठवडे मादीपासून दूरच ठेवा.

तोवर दोन पिंजरे शेजारी, मध्ये चावा पोचणार नाही एवढं अंतर. एकाचं गवत, एकाची घाण भरलेली ताटली दुसऱ्याकडे. सशाचं ओळखपत्र वासात असतं. मग दोघांनीही न पाहिलेली जागा, फरशीवर सतरंजी, पाच-दहा मिनिटांची भेट, आणि तुम्ही तिथंच बसलेले. थोडं पाठीवर चढणं, हुसकावणं चालेल. कान मागे, शेपूट वर झाली की भेट संपली. एकानं दुसऱ्याचं कपाळ चाटलं, दोघं अंग लावून पसरले, की वेळ वाढवा. कधी दिवस लागतात, कधी महिने. काही जोड्या कधीच जुळत नाहीत. त्यांना जन्मभर दोन पिंजरे द्यायचे, एवढंच.

गृहस्थांनी परवा नवा तोडगा काढला, "तिसरा ससा आणा, दोघं आपोआप एक होतीन." तिसऱ्यानं जुळलेली जोडीसुद्धा फुटते, हे त्यांना सांगायला गेलो, तर ते ससा आणायला बाजारात निघाले होते.