घासा म्हणजे निघेल!

आपल्या मराठी माणसाचा घासण्यावर फार विश्वास. भांडं असो, दात असोत, नाहीतर नोकरी असो, घासत राहिलं की फळ मिळतं! माझीही अशीच श्रद्धा होती. ती एका फरशीने उतरवली, आणि तेव्हापासून तमाम घासू मंडळींशी माझं उघड वैर आहे.

त्याचं असं झालं. मुलीचा साखरपुडा आम्ही घरीच केला. मंडपवाल्याने हॉलमध्ये जाजम अंथरलं आणि त्याच्या कडा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने फरशीला चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी जाजम गेलं, पट्टीही गेली, तिचा चिकटा तेवढा राहिला. पुढे लग्न झालं, मुलगी सासरी रमली. चिकटा मात्र माहेरीच! घरातली धूळ खाऊन खाऊन तो काळा झाला. पांढऱ्या सिरॅमिकवर चार काळ्या रेघा बघून पाहुणे विचारायचे, "काय हो, घरात बॅडमिंटन खेळता वाटतं?"

शेजारचे नाना म्हणाले, "तारेच्या घासणीने घासा, म्हणजे निघेल." घासलं. चिकटा निघाला नाही, फरशीवर ओरखडे मात्र उठले. साबण झाला, सोडा झाला, कढत पाणी झालं. शेवटी नानांनी ब्रह्मास्त्र काढलं, "अ‍ॅसिड टाका हो!"

अ‍ॅसिड म्हणजे संडास धुवायची बाटली. ती आणली मी. पण घासलं कोणी? इथे खरं सांगायला हवं. घासलं आमच्या कामवाल्या बाईंनी. वास सहन होईना म्हणून मी गॅलरीत जाऊन पेपर वाचत बसलो होतो. तासाभराने बाई खोकत बाहेर आल्या. "काका, बोटं चुरचुरतायत हो." बोटं लालभडक झाली होती. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, हे बाटलीवर छापलेलं होतं. ते मी चष्मा लावून वाचलं, पण नंतर!

आणि एवढं करून चिकटा जागच्या जागी! कारण हे अ‍ॅसिड क्षार खातं, चुना खातं, फरशीच्या सांध्यांतलं सिमेंट खातं. पट्टीच्या चिकट्याला हुंगतसुद्धा नाही.

बाई दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या आणि म्हणाल्या, "काका, फणसाचा चीक कधी साबणाने निघतो का? खोबरेल लावा."

"अहो, मग आधी का नाही बोललात?"

"तुम्ही नानांना विचारलंत!"

या वेळी तेल मी लावलं. खोबरेलात भिजवलेलं फडकं चिकट्यावर अर्धा तास ठेवलं, सांध्यांत तेल उतरू दिलं नाही. मग प्लॅस्टिकची जुनी पट्टी आडवी धरून हलकेच सरकवली. चिकटा सायीसारखा गोळा होऊन आला! शेवटी साबणाच्या पाण्याने दोनदा पुसलं, नाहीतर चिकट्याऐवजी आम्हीच फरशीला चिकटलो असतो. यात जादू काही नाही. पट्टीचा चिकटा रबर आणि राळेच्या जातीचा. पाण्याशी त्याचं जमत नाही, तेलाशी जमतं. फरशीवरची झिलई काचेसारखी, त्यामुळे तो आत मुरत नाही, नुसता वर ठाण मांडून बसतो. त्याला मऊ करायचं असतं. त्याच्याशी कुस्ती कशाला?

पण आपण कुस्तीच करणार! आणि तीही दुसऱ्याच्या हातांनी! "बाईंना सांगा, घासतील," असं म्हणताना आपल्या जिभेला कुठे काही चुरचुरत नाही. माझं सगळं भांडण त्या वाक्याशी आहे. ज्याला अ‍ॅसिड टाकायची एवढी हौस असेल त्याने ते स्वतः टाकावं, खाली बसून, फडकं स्वतःच्या हातात घेऊन.

परवा नाना आले. चकचकीत फरशीकडे बघून समाधानाने मान डोलावत म्हणाले, "बघा! म्हटलं नव्हतं? घासलं की निघतं!"