अमेरिकेत घरी शिकणाऱ्या मुलांना गुलामगिरीचा इतिहास कोण शिकवतं?

अमेरिकेच्या ५०ही राज्यांत मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवणं कायदेशीर आहे. टेक्सासमध्ये तर वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि नागरिकत्व एवढेच विषय सक्तीचे आहेत. इतिहास त्यात नाही.

त्यामुळे १८६१ चं यादवी युद्ध कशावरून पेटलं, हे मुलांना काय सांगायचं ते पालक ठरवतात. 'राज्यांच्या हक्कांवरून' असं उत्तर आजही दिलं जातं. पण फुटून निघताना टेक्सासनेच काढलेल्या जाहीरनाम्यात गुलामगिरीचं उघड समर्थन आहे. तो इंटरनेटवर मोफत वाचता येतो. पालकांनी धडा तिथूनच सुरू करावा.

पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्येच 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केलं होतं. इतक्या लांबूनही युद्धाचा मुद्दा स्पष्ट दिसत होता.