रोटीच्या हिशेबात आईची मजुरी



डिसेंबरातल्या एका रविवारी विहारातली बैठक आटोपून मी स्कूटर काढत होतो. तेवढ्यात वस्तीतली एक मुलगी हातात कागद घेऊन समोर उभी राहिली. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मीही बी.कॉम.; त्यामुळे वस्तीत कुणाचे जमाखर्चाचे गाडे अडले की कागद माझ्याकडे येतो. या वेळी कागद वेगळा होता. तिच्या कॉलेजने विद्यार्थ्यांसाठी स्टार्टअप स्पर्धा ठेवली होती. चौघांपर्यंतचा गट, आधी अर्ज, मग लेखी योजना आणि शेवटी परीक्षकांसमोर पाच मिनिटांचे सादरीकरण.

"काका, भरू का हा फार्म?" तिने विचारले.

मागून तिची आई आली. "भाऊ, तुम्हीच समजवा हिले. परीक्षा तोंडावर आली अन् ही धंद्याचं घेऊन बसली. धंदा काय आपलं काम होय का? त्याले पैसा लागते."

मी विचारले, "धंदा कशाचा दाखवणार?"

मुलगी हळूच म्हणाली, "आईच्या रोट्यांचा."

तिची आई लांब रोट्या करते. कुणी त्यांना मटका रोटी म्हणतात, कुणी मांडे. नागपूरकराला त्या सांगायला नकोत. लोकवन गव्हाची सैल कणीक आपटून आपटून ताणदार करायची, हातावर कोपरापर्यंत पसरवायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर टाकायची. लग्नकार्यात, सावजी मटणाच्या पंगतीत तिला मोठी मागणी. पण ती करणाऱ्या बाईचे हात धुराने आणि आचेने कसे होतात, ते पंगतीतल्या माणसाला दिसत नाही.

मुलीचे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. १८७७ साली जमशेटजी टाटांनी सुरू केलेली ही गिरणी २००२ साली कायमची बंद झाली. तेव्हापासून त्या घरात एकच वाक्य आहे : सरकारी नोकरी लागली तरच खरे. ते वाक्य चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. मी स्वतः कारकुनीच्या पगारावर घर चालवतो. पण नोकरीची परीक्षा देणारी मुलगी हिशेब शिकली तर तिचे काही बिघडत नाही. म्हणून मी म्हटले, "भर अर्ज. पण योजना माझ्यासमोर लिहायची."

आता ही स्पर्धा म्हणजे काय, ते आधी पाहू. स्टार्टअप हा शब्द आपल्या पोरांच्या तोंडी सारखा येतो. नवी कल्पना घेऊन सुरू केलेला आणि वाढू शकेल असा उद्योग, एवढाच त्याचा अर्थ. स्पर्धेत उद्योगाची योजना तपासतात. ही पद्धत अमेरिकेतली. १९८४ साली टेक्सास विद्यापीठात विद्यार्थ्यांची अशी स्पर्धा सुरू झाली; १९९० च्या सुमारास एमआयटी या प्रसिद्ध संस्थेने स्वतःची सुरू केली. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीत १९९८ साली विद्यार्थ्यांचा उद्योजकता कक्ष निघाला आणि त्यांची 'युरेका' स्पर्धा देशभर गाजली. नागपुरात व्हीएनआयटीचे विद्यार्थी 'कन्सोर्टियम' नावाचा उद्योजकता महोत्सव भरवतात. २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने स्टार्टअप इंडिया योजना आणली आणि २०२२ साली राज्य सरकारची स्टार्टअप यात्रा जिल्ह्याजिल्ह्यांत फिरली. त्यानंतर साध्या कॉलेजांतही अशा स्पर्धा होऊ लागल्या. म्हणजे आपल्या मुलांच्या दारापर्यंत ही गोष्ट आली आहे. आत जायचे की नाही, एवढेच आपल्याला ठरवायचे आहे.

त्याच संध्याकाळी मुलगी वही घेऊन घरी आली. तिने दिवसाचा हिशेब असा मांडला होता : रोट्या ४०, दर २५ रुपये, विक्री १००० रुपये. खर्च : कणीक २००, लाकूड १००, बांधणीचा कागद २०, ऑटो ८०, एकूण ४०० रुपये. नफा ६०० रुपये. खाली लाल शाईने लिहिले होते, "नफा ६० टक्के." पोरीचा चेहरा उजळलेला होता.

मी विचारले, "या रोट्या कोण करते?"

"आई."

"किती वेळ लागतो?"

ती मोजू लागली. गहू निवडणे, दळून आणणे, कणीक भिजवणे, आपटणे, चूल पेटवणे, रोट्या टाकणे, शेवटी राख काढणे. सात-आठ तास भरले. पोचवायला ती स्वतः जाते, त्याचा तास-दीड तास वेगळा.

"मग या हिशेबात आईची मजुरी कुठे आहे?"

मुलगी गप्प झाली. मग म्हणाली, "काका, ते तर घरचंच काम होय ना."

बंधू-भगिनींनो, इथेच आपले सगळ्यांचे चुकते. पानाची टपरी, भाजीचा ठेला, शिलाई मशीन, चहाची गाडी, सगळीकडे हाच हिशेब. विकत आणले ते खर्चात धरायचे. घरच्या बाईचे हात मात्र फुकट. मग महिनाअखेर नफा दिसतो आणि घरात पैसा दिसत नाही.

मी तिला विचारले, "तुझी आई दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात दिवसभर राबली तर काय मिळेल?" वस्तीतल्या बायका केटरिंगच्या कामाला जातात, तिला दर माहीत होता. ४५० रुपये लिहिले. पोचवण्याचे तिचे स्वतःचे १०० लिहिले. खर्च ९५० झाला. नफा उरला ५० रुपये.

सहाशेचे पन्नास! पोरीच्या डोळ्यांत पाणी आले. वही मिटून म्हणाली, "मग हा धंदा दाखवण्यासारखा नाही."

मी म्हटले, "धंदा चांगला आहे. आतापर्यंत दर चुकीचा होता. रोटी तीस रुपयांना धरून बघ." विक्री १२००, खर्च तेवढाच ९५०, उरले २५०. शिवाय रोजच्या रोज अंदाजाने करण्यापेक्षा आदल्या दिवशी मागणी घेतली तर कणीक वाया जात नाही. चूल एकदा तापली की जास्त रोट्यांना लाकूड त्या मानाने कमी लागते. हे सारे तिने एकेक करून लिहिले. मजुरी वेगळी, नफा वेगळा. कॉमर्सच्या पुस्तकात हे वाक्य तिने वाचले होते. आईच्या नावापुढे ४५० लिहिले तेव्हा ते तिला कळले.

दुसऱ्या दिवशी तिने वही आईला वाचून दाखवली. माऊली बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पंधरा वर्षं झाली रोट्या टाकून राहिली मी. मले मजुरी कोणी इचारलीच नव्हती." एवढे बोलून कणीक आपटायला उठली.

पुढचा पेच नावाचा होता. गटातल्या एका मैत्रिणीने सुचवले, पाकिटावर आपल्या वस्तीचे नाव नको, आईचेही नको. एखादे भारीतले इंग्रजी नाव टाकू. कारण विचारले तर म्हणाली, "रोट्या कोणाच्या घरच्या आहेत हे कळलं तर काही लोक घेणार नाहीत." ही पोर खोटे बोलत नव्हती. जे घरात ऐकले तेच बोलली.

मी त्यांना बाबासाहेबांची एक गोष्ट सांगितली. १९१७ साली ते परदेशातून शिकून आले. बडोद्याच्या नोकरीत राहायला जागा मिळेना, म्हणून मुंबईला परतले. पोटासाठी शिकवण्या केल्या आणि शेअर बाजारातल्या व्यवहारांवर सल्ला देणारी छोटी पेढी काढली. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले आणि पेढी बंद करावी लागली. पुढे १९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे त्यांच्या ज्ञानात खोट नव्हती. खोट बाजारात होती.

शंभर वर्षांत काही बदलले का? बदलले, पण आपोआप नाही. अकोला जिल्ह्यातल्या रोपरखेड्याच्या कल्पना सरोज यांनी शिलाईकामापासून सुरुवात केली आणि २००६ साली बुडीत निघालेली कमानी ट्यूब्ज ही कंपनी हाती घेतली. २००५ साली मिलिंद कांबळे यांनी पुण्यात दलित उद्योजकांचा चेंबर, म्हणजे डिक्की, स्थापन केला. २०१३ साली दोघांनाही पद्मश्री मिळाली. यांनी आपले नाव झाकून धंदा केला नाही. मी मुलींना एवढेच म्हटले, निर्णय तुमचा आहे. पण ज्या बाईची मजुरी आत्ता कुठे वहीत आली, तिचे नाव पाकिटावरून काढताना दोनदा विचार करा. मुलींनी आईचेच नाव ठेवले.

स्पर्धेचा दिवस आला. बाकीचे गट मोबाइलच्या ॲपच्या आणि यंत्रांच्या योजना घेऊन, फाडफाड इंग्रजी बोलत होते. आमच्या मुलीने आधीच संयोजकांना अर्ज देऊन मराठीत बोलण्याची परवानगी घेतली होती. तिने पहिल्या मिनिटात एक रोटी उलगडून परीक्षकांना दाखवली आणि लगेच हिशेब मांडला. एका परीक्षकांनी विचारले, "मजुरी धरली आहे का?" तिने वही पुढे केली. दुसऱ्यांचा प्रश्न मात्र कुणालाच सुचला नव्हता : "आई आजारी पडली तर?"

तिच्याजवळ उत्तर नव्हते. ती म्हणाली, "सर, याचा विचार आम्ही केला नाही." पहिल्या तीन क्रमांकांत गट आला नाही. प्रमाणपत्र मिळाले, चहा-समोसा मिळाला.

पण घरी येताना ती पोर रडली नाही. पुढच्याच आठवड्यात तिने वस्तीतल्या दोन बायकांना आईकडे रोटी शिकायला बसवले. आता तिघी पाळीपाळीने चूल सांभाळतात आणि रोजची मजुरी तिघींच्या नावापुढे लिहिली जाते. ज्या दिवशी आईला ताप होता, त्या दिवशीही रोट्या गेल्या. परीक्षकांच्या त्या एका प्रश्नाची किंमत बक्षिसापेक्षा जास्त निघाली, असे मला वाटते.

तुमच्या घरातले मूल असा कागद घेऊन आले तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

कल्पना शोधायला दूर जाऊ नका. घरात, वस्तीत जे काम चालते त्यातली अडचण बघा. परीक्षकांना गिऱ्हाईक कोण, ते पैसे का देईल, खर्च किती आणि तुम्हीच हे का करू शकता, एवढे हवे असते. वापरून पाहिलेल्या दहा गिऱ्हाइकांचे म्हणणे वहीत लिहून न्या.

गटात कोण काय करणार आणि पुढे धंदा झाला तर कुणाचा वाटा किती, हे आधीच कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. मैत्री पैशावरून तुटते.

स्पर्धेसाठी कर्ज काढू नका, दागिना मोडू नका. प्रवेश फी मोठी असेल तर ती स्पर्धा सोडून द्या. अभ्यास आणि स्कॉलरशिपचे कागद सांभाळून जेवढा वेळ उरतो तेवढाच द्या. बक्षीस देतो, गुंतवणूक देतो असे सांगून कुणी आधी पैसे मागितले तर तिथून उठून या.

धंदा खरोखर करायचा झाला तर उद्यम नोंदणी करा. २०२० पासून ती संगणकावर होते आणि तिला फी नाही. खाण्याचा पदार्थ असेल तर अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणीही लागते. आपल्या तरुणांसाठी सरकारने वेळोवेळी योजना आणल्या. २०१६ साली स्टँड अप इंडिया आली, तिच्यात १० लाखांपासून १ कोटीपर्यंतचे कर्ज ठेवले होते. २०२० साली बाबासाहेबांच्या नावाने नवउपक्रमांचे अभियान आले, त्यात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या उद्योगात तीन वर्षांत ३० लाखांपर्यंत भांडवल घालण्याची तरतूद होती. अशा योजनेसाठी अर्ज करण्याआधी बँकेत किंवा कॉलेजच्या उद्योजकता कक्षात जाऊन आजचे नियम विचारा. आणि एक विसरू नका : कर्ज हे कर्जच असते, ते फेडावे लागते.

मात्र या सगळ्याच्या आधी एक काम घरी बसून, एक पैसा न घालता करता येते. तुमच्या घरात काहीही विकले जात असेल, तर आज रात्री मुलाला वही घेऊन बसवा आणि त्याला पहिली ओळ लिहायला सांगा : आईची मजुरी. आकडा आईला विचारून लिहा. तिला सांगता आला नाही, तर तो काढून देणे हीच त्या मुलाची पहिली स्पर्धा.

परवा सकाळी त्या घरावरून गेलो. मडके चुलीवर होते, तिघी बायका बसल्या होत्या. मुलगी नोकरीच्या परीक्षेचे पुस्तक वाचत होती, शेजारी रोट्यांची वही. आई म्हणाली, "भाऊ, नोकरी लागली तरी वही हिलेच लिहा लागन." मुलगी म्हणाली, "लिहीन. पण मले लिहिण्याचे पैसे लागतीन."

हिशेब शिकली म्हणायची पोर!