फिनेलचा वास आणि मांजराची जीभ

आमच्या एका वाचक भगिनीने पत्राने एक प्रश्न विचारला आहे. तो अनेक कुटुंबांच्या उपयोगाचा असल्यामुळे या आठवड्याचे हे सदर आम्ही त्याच्याच विचाराला देत आहोत. परसात जाळीचे एक लहानसे घर करून त्यांनी दोन मोठी मांजरे व दोन पिले ठेवली होती. गेल्या महिन्यात दोन्ही पिले उलट्या व जुलाब होऊन तीन दिवसांत दगावली. जनावरांच्या डॉक्टरांनी तो पॅनल्युकोपेनिया हा सांसर्गिक रोग असल्याचे सांगितले. भगिनीने ते घर काळ्या फिनेलने दोन वेळा धुऊन काढले. आता शेजारच्यांकडे झालेले एक पिलू मुलांना हवे आहे. ‘फिनेलचा वास अजून दरवळतो आहे, तेव्हा जागा शुद्ध झाली असे समजून पिलू आणावे ना?’ असे त्या विचारतात.

आमचे उत्तर असे की, इतक्यात आणू नये. कारण ज्या वासाच्या भरवशावर त्या निश्चिंत झाल्या आहेत, त्या वासाने त्यांना दोन परींनी फसविले आहे.

फिनेलविषयी आपल्या घरांतून जो आदर आहे, तो निष्कारण निर्माण झालेला नाही. 1865 साली ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर या शस्त्रवैद्याने कार्बोलिक आम्लाचा, म्हणजेच फिनॉलचा, उपयोग करून उघड्या जखमा चिघळण्यापासून वाचविल्या आणि शस्त्रक्रियेचा इतिहासच पालटला. कार्लाइल गावातील सांडपाण्याची दुर्गंधी याच द्रव्याने नाहीशी केल्याचे त्याने ऐकले होते, त्यावरून त्याला ही कल्पना सुचली. त्याच कुळातील द्रव्ये डांबरापासून काढून पुढे काळे फिनेल बनू लागले. इस्पितळ, शाळा, धर्मशाळा, जेथे तो उग्र वास तेथे स्वच्छता, असे समीकरण आपल्या मनात पिढ्यान्‌पिढ्या रुजले. माणसाच्या फरशीपुरते ते बरेचसे खरेही होते. मांजराच्या घरात मात्र ते लागू पडत नाही.

पहिली फसवणूक अशी की, मांजराला फिनॉल पचत नाही. माणसाचे किंवा कुत्र्याचे यकृत अशा द्रव्याला ग्लुकुरोनिक आम्लाची जोड देऊन ते लघवीवाटे बाहेर टाकते. या कामी लागणाऱ्या एका महत्त्वाच्या विकराची जनुकच मांजरात निकामी झालेली आहे. नुसत्या पाळीव मांजरात नव्हे, तर वाघ-सिंहांसह साऱ्या मार्जारकुळात हीच स्थिती आढळते. केवळ मांस खाऊन राहणाऱ्या या कुळाला वनस्पतींतील विषे पचविण्याची गरज न उरल्यामुळे असे झाले असावे, असे शास्त्रज्ञांचे अनुमान आहे. माणसाला ताप उतरविणारी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा प्राण घेऊ शकते, तिच्या मुळाशीही हेच वैगुण्य आहे.

त्यात मांजराचा स्वभाव असा की, ते दिवसातून अनेक वेळा आपले अंग चाटून स्वच्छ करते. आपण फरशीवर जे ओततो ते त्याच्या पावलांना लागते, आणि पावलांना लागलेले जिभेवाटे पोटात जाते. फरशी, जाळी, निजण्याची पेटी यांवर राहिलेले प्रत्येक द्रव्य मांजर शेवटी खाते, हे एक वाक्य ध्यानात ठेवले तरी निवड पुष्कळ सोपी होते.

काळे फिनेल म्हणूनच वर्ज्य. चीडतेलाचे पांढरे फिनेलही मांजराला बाधते. जखमा धुण्याच्या डेटॉलमध्ये क्लोरोझायलेनॉल हे फिनॉलच्याच जातीचे द्रव्य असते, तेव्हा माणसाच्या जखमेला चालते म्हणून मांजराच्या घराला चालेल असा तर्क करू नये. पाण्यात पडताच दुधासारखे पांढरे होणारे कोणतेही जंतुनाशक मांजरापासून दूर ठेवावे, हा साध्या डोळ्यांना कळणारा एक ठोकताळा आहे. सुगंधी फरशीधावनांत पुष्कळदा बेन्झाल्कोनियम क्लोराइड असते. ते ओले असताना मांजराने चाटले तर जिभेवर व तोंडात व्रण पडतात, आणि मांजर खाणे-पिणे सोडते.

दुसरी फसवणूक याहून मोठी आहे. ज्या विषाणूने ती पिले नेली, त्याच्यावर फिनेलचा भरवसा धरता येत नाही. पॅनल्युकोपेनियाचा विषाणू मोठा चिवट असून तो घरातील जागेत वर्षभरदेखील तग धरू शकतो. फिनेल आणि बेन्झाल्कोनियमसारखी द्रव्ये त्याच्यापुढे तोकडी पडतात. म्हणजे भगिनीच्या जाळीघरात आज रोगाचे बीज बहुधा तसेच आहे, आणि शिवाय राहिलेल्या दोन मांजरांच्या पावलांना विष लागते आहे!

मग वापरावे काय? त्याआधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. निरोगी मांजराच्या घराला रोज जंतुनाशकाची गरजच नसते. साबण, गरम पाणी, घासणी आणि ऊन एवढ्यावर दररोजचे काम उत्तम भागते. जंतुनाशकाची वेळ येते ती रोग येऊन गेल्यावर, नवे मांजर आणण्यापूर्वी, किंवा अनेक मांजरे एकत्र राहत असतील तेव्हा.

अशा वेळी सर्वांत स्वस्त व खात्रीचे द्रव्य म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रव ब्लीच. सुमारे पाच टक्के बळाचे ब्लीच असेल तर एका लिटर पाण्यात 30 मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे, पुरे होते. अधिक घातल्याने अधिक शुद्धी होत नाही, मांजराचे डोळे व छाती मात्र जळते. ज्यांना ब्लीच सोसत नाही त्यांनी डॉक्टरांना विचारून पोटॅशियम पेरॉक्सिमोनोसल्फेटची भुकटी घ्यावी. तीही या विषाणूवर गुणकारी आहे. तिचे प्रमाण डब्यावर छापल्याप्रमाणे ठेवावे.

कामाचा क्रम असा. प्रथम सर्व मांजरे दुसऱ्या खोलीत न्यावी. विष्ठा, केस, अन्नाचे कण खरवडून काढावे आणि साबणाच्या पाण्याने सारे घासून भरपूर पाण्याने धुवावे. घाण तशीच ठेवून वर ब्लीच ओतले तर त्याचे बळ घाणीवरच खर्च होते. भगिनीच्या बाबतीत फिनेलचा अंश या धुण्याने आधी पूर्ण गेला पाहिजे, एकावर एक द्रव्य ओतू नये. नंतर ब्लीचचे पाणी लावून ते दहा मिनिटे ओले राहू द्यावे. अखेरीस स्वच्छ पाण्याने धुऊन, दारे उघडी ठेवून, पूर्ण वाळल्यावरच मांजरे आत सोडावी. हे पाणी रोज ताजे करावे, कारण कालच्या पाण्यात बळ उरत नाही.

येथे माणसांच्या जिवाचीही गोष्ट आहे. संडास धुण्याचे अ‍ॅसिड ब्लीचमध्ये मिसळले तर क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. मांजराच्या मुतात अमोनिया तयार होतो, त्याच्याशी ब्लीचचा संयोग झाला तरी घातक वायू निघतात. म्हणून मुताची जागा आधी पाण्याने धुतल्यावाचून तेथे ब्लीच नेऊ नये.

लाकडी खोकी, गोणपाट, पुठ्ठा यांत द्रव्य खोलवर जात नाही, विषाणू मात्र जातो. मेलेल्या पिलांच्या अंथरुणाचा मोह न धरता ते टाकून द्यावे. पुढे स्टीलची किंवा गुळगुळीत प्लास्टिकची भांडी व पेटी ठेवावी. फडके, बादली व केरसुणी या कामाची वेगळी असावी, आणि निरोगी मांजरांची जागा आधी, आजाऱ्याची शेवटी झाडावी.

ज्या घरी कोणी गरोदर असेल तेथे वाळूचे घमेले तिने साफ करू नये, ते काम इतरांनी अंगावर घ्यावे. काही मांजरांच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची बीजे पडतात आणि ती एक ते पाच दिवसांत संसर्गक्षम होतात. ब्लीच त्यांना मारीत नाही. विष्ठा रोजच्या रोज काढणे आणि घमेल्यात उकळते पाणी ओतणे हाच त्यावरचा खरा उपाय.

इतकी काळजी घेऊनही एखादे मांजर लाळ गाळू लागले, थरथरले, झोकांड्या खाऊ लागले किंवा त्याला धाप लागली, तर विषबाधेची शंका घ्यावी. अंगाला द्रव्य लागले असेल तर सौम्य साबण व कोमट पाण्याने ते धुवावे. उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये. द्रव्याची बाटलीच बरोबर घेऊन तत्काळ डॉक्टरांकडे जावे, म्हणजे आत काय आहे ते त्यांना लेबलावरून कळेल.

आता पिलाविषयी. भगिनीने वर सांगितल्याप्रमाणे जाळीघर धुवावे. तथापि मातीत व फटीत विषाणू राहू शकतो, म्हणून केवळ धुण्यावर विसंबू नये. पिलू तूर्त आईपाशीच राहू द्यावे. या रोगाची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून देतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत तिची पुनरावृत्ती करतात. ती पूर्ण झाली, डॉक्टरांनी होकार दिला, की पिलू खुशाल घरी आणावे. मुलांना दोन-तीन महिने थांबणे जड जाईल खरे. परंतु दोन पिले पुरलेल्या मुलांना तिसरे पुरावयास लावण्यापेक्षा त्यांना थांबावयास शिकविणे कितीतरी बरे. त्या अवधीत शेजारी जाऊन पिलाशी खेळण्यास कोणाचीच आडकाठी नसावी. मात्र जाण्यापूर्वी हातपाय साबणाने धुवावे, कपडे बदलावे, आणि जाळीघरात वापरलेल्या चपला घरीच ठेवाव्या.